शिशापाशी ओला हात

गोरक्षनाथला स्वप्न पडायचं ते दुपारी. रात्री तो मेल्यासारखा झोपायचा आणि सकाळी उठताना अंग आंबलेलंच असायचं. पण दुपारी भट्टी विझत आली, गुळाचा खडा तोंडात विरघळला, की शेडमागच्या कडुलिंबाखाली टाकलेल्या खाटेवर तो आडवा व्हायचा, आणि डोळा लागतो न लागतो तोच ते तळं यायचं.

तळं शिशाचं होतं. कढईत वितळतं तसलंच, पण वृद्धेश्वराच्या डोंगरापर्यंत पसरलेलं, चकचकीत, जराही न हलणारं. पलीकडच्या काठावर एक पोरगी उभी असायची. फ्रॉक कोणत्या रंगाचा ते कधी नीट कळायचं नाही. केस मात्र त्याच्या बायकोसारखे, सुकन्यासारखे, कपाळावर येणारे. तो हाक मारायचा, हात पुढे करायचा. ती त्याच्या तोंडाकडे बघायचीच नाही, हातांकडे बघत राहायची. मग तळ्यावर साय धरायला लागायची, चकाकी करडी व्हायची, आणि साय पार पलीकडे पोचली की पोरगी तिथे नसायची. तो जागा व्हायचा तेव्हा तोंडात गुळाची गोडी रेंगाळत असायची आणि तिच्या मागून आणखी एक, धातूची, जराशी तुरट गोडी.

हे स्वप्न त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. कमावत्या गड्यानं भर दुपारी झोपावं हेच आधी तिसगावात नीट दिसत नाही. त्यात झोपेत पोरासाठी हात पसरायचे म्हणजे तर झालंच.

दुकान म्हणजे नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून उभं केलेलं पत्र्याचं शेड. पुढे चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या, मागे भट्टी. नवी बॅटरी काय, कोणीही विकतो. मेलेली बॅटरी उठवणारा त्या भागात गोरक्षनाथच. खोकं फोडायचं, कुजलेल्या प्लेटा उपसायच्या, कढईत टाकून वितळवायच्या. वरची करडी साय पळीनं बाजूला सारली की खालून जे निघायचं ते बघतच राहावं असं असायचं. आख्खं आभाळ त्या कढईत उतरायचं. कडुलिंबाची फांदी, एखादा उडता बगळा, त्याचं स्वतःचं तोंड. मग ते पळीनं उचलून साच्यात ओतायचं आणि नव्या प्लेटा त्याला जोडायच्या. दसऱ्याच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या, तेव्हा ट्रॅक्टर आणि ट्रकवाल्यांची त्याच्या दारात झुंबड उडायची. त्या दिवसांत त्याच्या पोटात मुरडा यायचा, हातपाय जड पडायचे, जेवण नकोसं व्हायचं. कामाचा शीण, असं तो म्हणायचा आणि पुन्हा पळी उचलायचा.

हे काम तो रखमाजी वस्तादांकडे शिकला. वस्तादांचं दुकान नगरला, भिंगारच्या वाटेवर. लग्नाआधी काही वर्षं तो त्यांच्या घरीच राहायला होता. वस्तादांना आणि त्यांच्या बायकोला, विमलबाईंना, मूलबाळ नव्हतं; दोघांनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं. वस्तादांचे नियम दोन. पहिला, शिशापाशी ओला हात न्यायचा नाही. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर शिसं उसळून उडतं आणि माणसाचा डोळा घेतं. वस्तादांच्या गालावर तसला एक डाग होता, आणि नियम सांगताना ते त्या डागावर बोट ठेवायचे. म्हणून भट्टी पेटली की दिवसभर हात धुवायचे नाहीत, चिंधीला पुसायचे. आणि दुसरा, भट्टीचं काम झालं की गुळाचा खडा खायचा.

"गूळ शिसं घिऊन खाली उतरतो," वस्ताद म्हणायचे. "पोटात ऱ्हायलं तर बाधतं."

वस्ताद वारले, त्यांचं दुकान बंद झालं, पण नियम तिसगावला आले. आणि गुळाच्या बाबतीत तर गोरक्षनाथची चैनच होती. सुकन्याचं माहेर श्रीगोंद्याकडचं, बापाचं गुऱ्हाळ. लग्नात बाकी काय आलं-गेलं ते सोडा, पण गूळ मात्र दर हंगामाला न चुकता यायचा, पिवळाधमक, काकवीचा वास असलेला. नवऱ्याचं धुराचं काम म्हणून सुकन्याला काळजी. ती ढेप फोडून, बेताचे खडे करून, पुरचुंडी बांधून डब्याबरोबर द्यायची. संध्याकाळी तो दारात आला की "जेवलात का" हे एखादे वेळी विसरायची, पण "गूळ खाल्ला का" हे विचारल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. तो ते खडे भट्टीशेजारच्या फळीवर एका जुन्या डालड्याच्या डब्यात टाकून ठेवायचा. त्या डब्याचं झाकण कधीच हरवलं होतं.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. नेमकी किती, ते गावातल्या बायका सुकन्यापेक्षा लवकर सांगायच्या. या काळात सुकन्यानं काय काय गिळलं त्याला सुमार नाही. गोळ्या झाल्या, पुड्या झाल्या, मढीच्या नाथाचा अंगारा झाला, बायकांचे टोमणे तर रोजचेच. नगरला सावेडीतल्या डॉक्टर यामिनीबाईंनी तिची सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, गर्भनळ्या मोकळ्या आहेत का तेही बघितलं. सगळं ठीक होतं. "आता यांना घेऊन या," असं डॉक्टरबाई दर वेळी सांगायच्या आणि दर वेळी गोरक्षनाथला नेमकं कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं अडलेलं काम निघायचं.

पुरुषाची अब्रू अंगात नेमकी कुठे राहते हे आपल्याकडे कुणी उघड बोलत नाही, पण ती तपासायला द्यायची वेळ आली की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. गोरक्षनाथ काही दुष्ट नव्हता. तो सुकन्याला कधी वावगं बोलला नाही. फक्त दुसरे बोलायचे तेव्हा तो गप्प बसायचा, आणि त्याचं ते गप्प बसणं तिला टोमण्यांहून जास्त लागायचं.

दसरा तोंडावर आला होता. सुकन्या डबा घेऊन दुकानात आली तेव्हा बाकड्यावर ट्रॅक्टरचे ड्रायव्हर बसले होते. त्यातला एक गालात तंबाखू धरून म्हणत होता, "गोरखभाऊ, दुसरी बगा आता. किती दिस वाट बगनार?"

बाकीचे हसले. कढईत बघत बघत गोरक्षनाथही कसनुसा हसला. सुकन्यानं डबा फळीवर ठेवला. पुरचुंडी मात्र हातातच ठेवली आणि आली तशी परत गेली.

"आज गूळ न्हाई दिलास," संध्याकाळी तो म्हणाला.

"न्हाई दिला." ती भाकरी थापत होती, थापता थापताच बोलली. "आवं, माज्या अंगात सुई टोचायला जागा न्हाई ऱ्हायली. माजं समदं तपासून झालं. आता तुमी यायचं. न्हाई आलात तर मी गोळी घेनार न्हाई, अंगारा लावनार न्हाई, आन कोन काय बोललं तर सांगनार, माज्या नवऱ्याला इचारा."

"येवढं तोडून कशापायी बोलतीस?"

"तुमी हसलात म्हनून."

त्यानं ताटातली भाकरी बराच वेळ नुसतीच कुस्करली.

दवाखाना सावेडीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता. खाली स्कूटरांची दाटी, वर पंख्याचा गार वारा आणि भिंतीभर गुटगुटीत बाळांचे फोटो. ती सगळी बाळं आपल्याकडे रोखून बघतायत असं गोरक्षनाथला वाटलं. स्टँडवर पाण्याची बाटली द्यावी तितक्या सहज नर्सनं त्याच्या हातात एक छोटी डबी दिली आणि खोलीकडे बोट दाखवलं. खोलीत त्यानं काय केलं आणि काय सोसलं ते त्याचं त्याला ठाऊक. बाहेर आला तेव्हा कान लाल झाले होते, आणि सुकन्या सोडून तो सगळ्यांची नजर चुकवत होता. तिला मात्र त्या लाल कानांकडे बघून, कितीतरी दिवसांनी, हसू आलं.

ते हसू फार टिकलं नाही.

"शुक्राणूंची संख्या खूप कमी आहे," रिपोर्ट बघत डॉक्टरबाई म्हणाल्या. "जे आहेत त्यांची हालचाल मंद आहे, आणि बऱ्याच शुक्राणूंचा आकारही बरोबर नाही. तुम्ही काम काय करता?"

"बॅटऱ्यांचं."

"विकता?"

"इकतो बी. पन जास्त करून मेलेल्या उठवतो. शिसं वितळवून."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी त्याचं रक्त घेतलं. त्याचे कामाचे कपडे कोण धुतं असं विचारून सुकन्याचंही घेतलं. रक्त पुण्याला पाठवायचं होतं. थोड्या दिवसांनी या म्हणाल्या. त्या थोड्या दिवसांत गोरक्षनाथनं भट्टी पेटवली, पण कढईत वाकून बघणं टाळलं. दुपारी पोरगी आली. त्याच्या हातांकडे बघत राहिली आणि नेहमीसारखी गेली.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"तुमच्या रक्तात शिसं आहे, गोरक्षनाथ. असायला नको तितकं आहे. यांच्याही रक्तात थोडं सापडलंय, पण काळजी तुमची जास्त. शिसं धुरातून आत जातं, धुळीतून जातं. रक्तात फिरतं, हाडांत जाऊन बसतं. जिथं शुक्राणू तयार होतात तिथंही पोचतं आणि तिथलं काम बिघडवतं. तुमची पोटदुखी, हातपाय जड पडणं, हेही बहुतेक त्याचंच."

"पन मी काळजी घेतो ना, बाई."

"काय घेता?"

"गूळ खातो. रोज. भट्टीचं काम झालं की लगेच."

सुकन्या खुर्चीत सावरून बसली. "माज्या म्हायेरचा हाय," ती म्हणाली. "येक दिस चुकू दिला न्हाई मी. येकदाच काय तो न्हाई दिला, रागात."

"गूळ ठेवता कुठं?"

"भट्टीपाशी. फळीवर."

"झाकून?"

"झाकण कवाच हरवलं."

"आणि खाण्याआधी हात धुता?"

"छे!" आता मात्र तो ठामपणे बोलला. आपल्या कामातलं कुणी विचारलं की माणसाला जोर येतोच. "शिशापाशी ओला हात न्यायचा नसतो, बाई. थेंब जरी पडला तरी उडतं ते. डोळा जायाचा. आमी चिंधीला पुसतो."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

"भट्टी पेटलेली असताना हात कोरडा हवा, हे बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "पण हाताला ती करडी धूळ असते ना, ती शिशाचीच. पुसून जात नाही. चिंधीच शिशानं भरलेली असते. गूळ चिकट. उघड्या डब्यात त्याच्यावर धूळ बसते, बोटांची आणखी लागते, आणि तुम्ही तो खडा चघळून चघळून खाता. गूळ शिसं घेऊन खाली उतरतो, हे तुमचं खरं आहे. हातावरचं घेतो आणि पोटात उतरतो."

सुकन्याच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत, वाटेत खायला म्हणून आणलेली पुरचुंडी. तिनं पिशवी हळूच उचलून खाली, पायापाशी ठेवली. मग तिला रडू आलं. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "मीच पाठवला. समदी वरसं मीच पाठवला."

"तुम्ही गूळ पाठवला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शिसं भट्टीचं होतं. धूर तर गुळाशिवायही आत जातच होता."

सुकन्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं गोरक्षनाथला वाटलं. पण त्याची नजर आपल्या तळव्यांवर गेली, नखांच्या कडांना कायमची बसलेली ती करडी रेघ दिसली, आणि हात तसाच मांडीवर राहिला.

डॉक्टरबाईंनी पुढचं सांगितलं ते सरळ होतं. शिसं आधी पूर्ण बंद. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात. रक्तातलं शिसं हळूहळू उतरेल, हाडांतलं उतरायला वर्षं जातील. मग पुन्हा तपासू. सुधारणा व्हावी अशी आशा आहे. "पण मूल होईलच असं वचन मी देत नाही," असंही त्या म्हणाल्या.

दोघं मोटारसायकलवरून परत निघाली. भिंगार मागे पडलं, चांदबीबीचा महाल डोंगरावर दिसायला लागला, तेव्हा गोरक्षनाथ एकदम वाऱ्यावर ओरडल्यासारखा बोलायला लागला. भट्टी बंद केली तर खायचं काय. नवी बॅटरी काय, शोरूमवालाबी इकतो. डॉक्टर लोकांचं काय जातं सांगायला, ती तर वचनबी देत न्हाई.

"आन वस्तादांनी जलमभर ह्येच केलं ना?" तो म्हणाला. "शेवटपतुर भट्टीपाशी बसले. रोज गूळ खाल्ला. त्यास्नी काय झालं?"

गाडी चढाला लागली. मग सुकन्याचा आवाज त्याच्या कानाशी आला, अगदी शांत.

"वस्तादांना पोरं किती हुती?"

गोरक्षनाथनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. ट्रक जात-येत होते. उन्हात वरचा महाल हवेत ठेवल्यासारखा दिसत होता. त्या उन्हात त्याला विमलबाई दिसल्या. तो त्यांच्याकडे राहायला होता तेव्हा गल्लीत बारसं असलं की त्या दार लावून घ्यायच्या. त्याला वाटायचं, मावशींना गोंगाट आवडत नाही. त्यांना पाठमोरं बघून बायका काय पुटपुटायच्या तेही त्यानं ऐकलं होतं, आणि वस्तादांनीही ऐकलं होतं. वस्ताद अशा वेळी कढईत बघत बसायचे.

त्यानं गाडी वळवली. कुठे, असं सुकन्यानं विचारलं नाही.

विमलबाई आता भिंगारला एका खोलीत एकट्याच राहायच्या. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाजूला वस्तादांचा फोटो, गालावरच्या डागासकट. गोरक्षनाथला बघून त्यांना इतका आनंद झाला की स्टोव्ह पेटवताना काडी दोनदा विझली.

"बस रं. बस गं सुकन्या. किती वाळलास रं गोरख."

चहाला आधण आलं. मग तो उभ्या उभ्याच सांगायला लागला. रिपोर्टचं सांगितलं, शिशाचं सांगितलं, गुळाचं सांगितलं. पुरुषमाणसाच्या त्या गोष्टी आईच्या वयाच्या बाईसमोर बोलताना तो अडखळला, सुकन्यानं मधले शब्द पुरवले. विमलबाई ऐकत होत्या. चहा उतू गेला, त्यांनी स्टोव्ह बंद केला आणि पुन्हा ऐकायला लागल्या. दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगत होते, त्यांच्याकडे त्या बघत होत्या.

"म्हंजी माज्यात काय नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"नक्की कसं सांगू, मावशी. वस्तादांना तपासलंच न्हाई कुनी." गोरक्षनाथ म्हणाला. "पन मला वाटतं, न्हाई. तुमच्यात काय नव्हतं."

विमलबाईंनी वस्तादांच्या फोटोकडे बघितलं.

"ह्यांनी मला कवा टाकून बोललं न्हाई," त्या म्हणाल्या. "लई जीव हुता. पन माज्या बाजूनंबी कवा बोलले न्हाईत." मग त्या हसल्या. "आता ह्ये मी कोनाला सांगू रं? ज्या बोलायच्या त्या समद्या मरून गेल्या."

त्यांनी चहा गाळला. कप पुढे केला आणि गोरक्षनाथ घ्यायला वाकला तसा परत मागे घेतला.

"आदी हात धुऊन ये."

"मावशी, मी कामावरनं न्हाई आलो. आंगूळ करून..."

"तरीबी धू. माज्या म्होरं धू."

मोरीपाशी उकिडवा बसून त्यानं साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत. विमलबाई शेजारी तांब्या धरून उभ्या होत्या. पाणी संपलं की त्या पुन्हा ओतत होत्या, आणि तो किती वेळ धुतोय हे दोघांपैकी कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

भट्टी बंद झाली. जुन्या प्लेटा आणि कढई त्यानं परवाना असलेल्या भंगारवाल्याकडे दिली. मग सारं शेड ओल्या फडक्यांनी पुसून काढलं, फळी उचकटून टाकली, डालड्याचा डबाही गेला. कामाचे कपडे दुकानातच बदलायचे आणि तिथेच वेगळे धुवायचे, असं ठरलं. रिकाम्या भट्टीच्या जागेकडे बघून त्याला रडावंसं वाटलं, हेही सांगायला हवं. त्या कढईइतकं देखणं त्याच्या आयुष्यात फार थोडं होतं.

ऐन गर्दीचे दिवस. तोच तंबाखूवाला ड्रायव्हर मेलेली बॅटरी खांद्यावर घेऊन आला. बाकड्यावर आणखी दोघं बसलेले होते.

"उठवून द्या, भाऊ. उद्या निगायचंय."

"भट्टी बंद केली. चार्जिंग करीन, नवी दीन. शिसं न्हाई वितळवनार."

"आता हो? का म्हनून?"

धंद्यात राम राहिला नाही, धुराची तक्रार आली, छाती भरते, असं काहीही सांगून भागलं असतं. सुकन्या त्याच वेळी डबा घेऊन दारापर्यंत आली होती आणि तिथेच थांबली होती. गोरक्षनाथला ती दिसली नव्हती.

"माज्यात दोष निगाला," तो म्हणाला. "शिशानं. माजी बायको येकदम ठीक हाय, तिचं समदं तपासून झालंय. पोर हुईना ते माज्यामुळं. इथून म्होरं कोनी तिला काय बोलायचं असंल तर मला येऊन बोलायचं."

बाकड्यावर कुणी हसलं नाही. ड्रायव्हरनं बॅटरी खाली ठेवली, उगाच पुसली, पुन्हा उचलली. बातमी अंधार पडायच्या आत पिठाच्या गिरणीपर्यंत पोचली, तिथून पुढे तर तिला पाय फुटले. आणि टोळी निघायच्या आधी बाकड्यावर बसलेल्यांपैकी एकजण एकटाच परत आला. चार्जिंग, हवापाणी, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर जाता जाता, रस्त्याकडे बघत, त्यानं सावेडीतल्या दवाखान्याचा पत्ता विचारला.

बाकड्यासमोर बोलला त्या संध्याकाळी गोरक्षनाथ जेवायला बसला तेव्हा सुकन्यानं नवी ढेप फोडली. एक खडा उचलून तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात घातला. तो घ्यायला त्यानं हात पुढे केला होता, त्यावर तिनं चापट मारली.

थंडी गेली. मधल्या काळात एकदा रक्त तपासलं, एकदा ती डबीही दिली. या वेळी कान लाल झाले नाहीत. रक्तातलं शिसं उतरायला लागलं होतं. शुक्राणूंचा आकडा थोडा वर सरकला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, दिशा बरोबर आहे, धीर धरा. धीर धरायला दोघंही शिकली होती. पण गोरक्षनाथला एका गोष्टीची आतून भीती वाटायची. भट्टी गेली तशी ती दुपारची पोरगीही गेली होती. तो मुद्दाम खाटेवर पडायचा, डोळे मिटायचा, आणि काहीच यायचं नाही. कढई भंगारात दिली तेव्हा पोरगीही तिच्याबरोबर देऊन टाकली की काय, असं त्याच्या मनात यायचं. सुकन्याला सांगावं, तर हे सगळं सुरुवातीपासून सांगावं लागलं असतं.

शिमगा झाला होता. मढीच्या यात्रेची माणसं रस्त्यानं ये-जा करत होती, कुठून तरी डफ वाजत होता. सुकन्या डबा घेऊन आली. दोघं कडुलिंबाखाली जेवली, तो खाटेवर कलंडला, आणि डफाचा आवाज हळूहळू लांब जात विझला.

तळं आलं. या वेळी त्यात पाणी होतं. साधं, गढूळसर, वाऱ्यानं सुरकुत्या पडणारं पाणी. पलीकडे पोरगी उभी होती. फ्रॉक पिवळा होता, गुळासारखा पिवळा. इतक्या दिवसांनी तो रंग त्याला दिसला. तो धावत सुटणार एवढ्यात तिनं नेहमीसारखं त्याच्या हातांकडे बघितलं.

"थांब," तो म्हणाला. "हात धुऊन येतो."

तो काठाशी उकिडवा बसला आणि धुवायला लागला. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, कोपर. कुणीतरी शेजारी तांब्या धरून ओतत होतं. घाई करावी असं त्याला वाटत होतं आणि घाई होत नव्हती.

"आवं," सुकन्या त्याला हलवत होती. "झोपेत हात काय चोळताय?"

तो उठून बसला. कडुलिंबाचा मोहोर खाटेवर पडला होता. सुकन्या खाटेच्या काठाशी बसून त्याच्याकडे बघत होती, केस कपाळावर आलेले. मग त्यानं तिला सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, शिशाचं तळं, साय, पोरीचं हातांकडे बघणं, किती वर्षं हे पडत होतं ते सगळं.

"मग?" शेवटी तिनं विचारलं. "तुमी हात धुईस्तोवर थांबली का ती?"

गोरक्षनाथनं आपले हात तिच्या हातांत दिले.

"थांबली," तो म्हणाला.